अभियंता घडवणारी उमेदवारी

वैद्यकीय अभ्यासक्रमाचा शेवटचा पेपर लिहिला म्हणून विद्यार्थी लगेच डॉक्टर होत नाही. एमबीबीएसच्या परीक्षेनंतर बारा महिने त्याला रुग्णालयाच्या निरनिराळ्या विभागांत आंतरवासिता करावी लागते. सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यालाही आर्टिकलशिप चुकत नाही. ती पूर्वी तीन वर्षांची होती. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या योजनेत दोन वर्षांची झाली, इतकेच. अभियंत्याच्या बाबतीत मात्र आपल्या देशात दीर्घकाळ अशी सार्वत्रिक अट नव्हती. आठ सत्रांच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या की पदवी हाती येई, आणि चालता कारखाना किंवा चालू बांधकाम कधी जवळून न पाहिलेला तरुणही कागदोपत्री अभियंता ठरे. पूल, बॉयलर, वीज उपकेंद्रे आणि उद्वाहने यांवर रोज असंख्य माणसांचा जीव विसंबून असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या उणिवेचे गांभीर्य लक्षात येते.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न अलीकडे नेटाने सुरू झाले आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीसाठीचे एकूण श्रेयांक १६० वर आणले आणि त्यात इंटर्नशिपला सक्तीचे स्थान दिले. त्यामुळे अभियांत्रिकीचा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी आज कोठे ना कोठे इंटर्नशिप करतो. पण सक्ती झाली म्हणजे शिक्षण झाले, असे होत नाही. इंटर्नशिप विद्यार्थ्याला खरोखर केव्हा घडवते आणि केव्हा ती नुसती प्रमाणपत्रापुरती उरते, हा प्रश्न विद्यार्थी, पालक आणि उद्योजक या तिघांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

मराठीत या शिक्षणासाठी एक जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे : उमेदवारी. निवडणुकांच्या गलबल्यात या शब्दाचा मूळ अर्थ मागे पडला आहे. एके काळी वकिलाच्या कचेरीत, पेढीवर किंवा छापखान्यात अल्प वेतनावर, प्रसंगी विनावेतन, काम शिकत राहणे म्हणजे उमेदवारी करणे. सरकारी भाषेत 'शिकाऊ उमेदवार' हा शब्द आजही रूढ आहे.

जमालपूर ते पिलानी

कामातून शिकण्याची ही पद्धत भारतीय अभियांत्रिकीला नवी नाही. बिहारमधील जमालपूर येथे १८६२ मध्ये रेल्वेचा कारखाना सुरू झाला आणि १८८८ मध्ये त्याला जोडून तांत्रिक शाळा निघाली. १९२७ पासून तेथे 'स्पेशल क्लास रेल्वे अप्रेंटिस' या नावाने निवडक तरुणांना घेऊन यांत्रिकी अधिकारी घडवण्याची परंपरा सुरू झाली. इंजिनांची दुरुस्ती, भट्टी, लेथ आणि वर्गातील व्याख्याने हे सारे एकाच दिनक्रमाचे भाग असत. पुढे संघ लोकसेवा आयोग या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र परीक्षा घेऊ लागला. २०१५ नंतर ही निवडपद्धती बंद झाली. पण भारतीय रेल्वेच्या यांत्रिकी विभागाला तिने अनेक पिढ्या अधिकारी पुरवले. पोलाद उद्योगानेही असाच विचार केला आणि १९२१ मध्ये जमशेदपूर टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली.

अमेरिकेत हा विचार विद्यापीठाच्या बाजूने पुढे आला. हर्मन श्नायडर या प्राध्यापकांच्या लक्षात आले, की शिकत असताना पोटापाण्यासाठी काम केलेले विद्यार्थी पुढे व्यवसायात अधिक यशस्वी ठरतात. त्यांनी १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात २७ विद्यार्थ्यांना घेऊन अभ्यास आणि नोकरी आलटून पालटून करण्याचा उपक्रम आरंभला. सहकारी शिक्षण या नावाने पुढे जगभर गेलेल्या पद्धतीचा तो आरंभ होय. १९१६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने रसायन अभियांत्रिकीसाठी 'प्रॅक्टिस स्कूल' काढले. त्यात विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष कारखान्यांत राहून तेथील समस्या सोडवायच्या असत.

भारतात स्वातंत्र्यानंतर १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. आरंभी तो मुख्यतः कारागिरांसाठी होता. १९७३ मधील दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले. त्याच वर्षी राजस्थानातील पिलानी येथील बिर्ला तंत्रज्ञान आणि विज्ञान संस्थेने, डॉ. सी. आर. मित्रा संचालक असताना, आपला 'प्रॅक्टिस स्कूल' उपक्रम सुरू केला. कोइमतूरच्या पीएसजी कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजीने पाच वर्षांचा 'सँडविच' अभ्यासक्रम चालवून शिक्षणाच्या दोन टप्प्यांमध्ये उद्योगातील काम बसवले. वाटा निराळ्या असल्या तरी मुक्काम एकच होता.

पिलानीने काय वेगळे केले?

पिलानीच्या योजनेचे दोन टप्पे आहेत. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळी सुटीत विद्यार्थी सुमारे दोन महिने एखाद्या उद्योगात जातो. हा ओळखीचा काळ. उद्योग कसा चालतो, कच्चा माल कोठून येतो, निर्णय कोण घेते, हे त्याने पाहायचे असते. शेवटच्या वर्षात साडेपाच महिन्यांचा दुसरा टप्पा येतो. त्यात त्याला एखाद्या खऱ्या प्रश्नावर काम करावे लागते. हैदराबाद आणि गोवा येथील शाखांतही हीच पद्धत आहे.

या योजनेचे मर्म तिच्या मूल्यमापनात आहे. इंटर्नशिप ही अभ्यासक्रमाबाहेरची जोड न मानता तिला श्रेयांक दिले गेले. मूळ कल्पनेनुसार संस्थेचा प्राध्यापकही विद्यार्थ्यांबरोबर उद्योगाशी जोडलेला असतो. कामाची दैनंदिनी, चर्चा, सादरीकरण आणि अंतिम अहवाल यांतून विद्यार्थ्याचे गुण ठरतात आणि त्यात उद्योगातील मार्गदर्शकाच्या मताला वजन असते. म्हणजेच वर्ग सुटला, तरी शिक्षण सुटले नाही. प्राध्यापकाला उद्योगाच्या बदलत्या गरजा कळत राहतात, हा त्याचा आणखी एक लाभ.

ज्या महाविद्यालयांत इंटर्नशिप निष्फळ ठरते, तेथे बहुधा हाच दुवा तुटलेला असतो. विद्यार्थ्याला सुटीत 'कोठेतरी' जाऊन प्रमाणपत्र आणावयास सांगितले जाते. तो काय शिकला, हे विचारणारे पुढे कोणी नसते.

वर्गात न शिकवता येणाऱ्या गोष्टी

काम करताना नेमके काय शिकायला मिळते, हे काही उदाहरणांनी स्पष्ट होईल.

यांत्रिकी शाखेचा विद्यार्थी लेथवर ५० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट तयार होताना पाहतो. आराखड्यात मुभा आहे केवळ ०.०१ मिलिमीटर कमी-अधिक, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. तो मशीनवरून नुकताच उतरवलेला जॉब मायक्रोमीटरने मोजतो आणि माप बरोबर आल्याचे सांगतो. अनुभवी कारागीर मात्र जॉब थंड होऊ देतो आणि पुन्हा मोजतो. आता माप कमी भरते. पोलादाचे तापमान २० अंशांनी उतरले, तर एवढ्या व्यासात सुमारे ०.०१२ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे मिळालेली सारी मुभा त्यातच संपते. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे या विद्यार्थ्याने शाळेपासून रेल्वेरुळांच्या उदाहरणाने पाठ केलेले असते. तोच नियम आपल्या हातातील मोजमापालाही लागू आहे, हे त्याला त्या क्षणी उमगते. मापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस का ठरवले आहे, याचे उत्तरही तेथेच मिळते.

स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्याची कसोटी निराळी असते. 'एम २५' काँक्रीट म्हणजे १५० मिलिमीटरच्या ठोकळ्याने २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन इतका दाब सोसला पाहिजे, ही व्याख्या त्याला ठाऊक असते. पाणी आणि सिमेंट यांचे प्रमाण ०.५० धरले, तर ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी हवे, हे गणितही सोपे आहे. पण प्रत्यक्ष स्लॅबच्या दिवशी ऊन वाढलेले असते, गाडी वाहतुकीत अडकून उशिरा आलेली असते, माल घट्ट झालेला असतो आणि गवंडी आणखी थोडे पाणी मागतो. पोत्यामागे केवळ पाच लिटर पाणी वाढले, तर प्रमाण ०.५० वरून ०.६० वर जाते आणि काँक्रीटची मजबुती लक्षणीय घटते. वीस वर्षांच्या मुलाने तीस वर्षे या धंद्यात घालवलेल्या माणसाला 'पाणी घालू नका' असे कोणत्या शब्दांत सांगावे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. त्याने नियमाला धरून राहिले पाहिजे, त्या माणसाचा मान राखला पाहिजे आणि माल प्रवाही करण्यासाठी योग्य रसायन वापरण्याचा मार्गही वरिष्ठांना विचारून सुचवला पाहिजे. ही तीन कामे एकाच वेळी करण्याचे शिक्षण म्हणजे व्यावसायिक शिक्षण.

विद्युत शाखेच्या विद्यार्थ्याला उपकेंद्रात सर्वांत आधी परमिटची शिस्त शिकवली जाते. दुरुस्तीपूर्वी प्रवाह खंडित करणे, स्विचला स्वतःचे कुलूप लावणे, सूचनाफलक अडकवणे, वाहिनीत वीज नाही याची खातरजमा करणे आणि अर्थिंग देणे, हा क्रम कधीही मोडायचा नसतो. ज्याने कुलूप लावले त्यानेच ते काढायचे, हा नियम वरवर साधा वाटतो. पण तो न पाळल्यामुळे आत काम करणाऱ्या सहकाऱ्याचा जीव जाऊ शकतो, हे जाणवले की विद्यार्थ्याची विचार करण्याची पद्धतच पालटते. वर्गातील चूक दोन गुण घेऊन जाते. येथील चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

संगणक शाखेतही हेच घडते. महाविद्यालयात विद्यार्थी कोऱ्या पडद्यावर स्वतःचा प्रोग्रॅम लिहितो. कंपनीत त्याच्यासमोर इतरांनी लिहिलेल्या हजारो, कधी लाखो ओळी असतात. त्या आधी वाचाव्या लागतात. केलेला बदल सहकाऱ्याकडून तपासून घ्यावा लागतो, काही बिघडल्यास पूर्वस्थितीला येण्याची सोय ठेवावी लागते आणि आपण काय व का बदलले याची नोंद करावी लागते.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. परीक्षेतील प्रश्नात सर्व आवश्यक माहिती दिलेली असते आणि उत्तर एकच असते. कामाच्या जागी माहिती अपुरी असते, वेळ मर्यादित असतो, उत्तरे अनेक असतात आणि प्रत्येकाला खर्च असतो. एखाद्या विद्यार्थ्याने यंत्रावरील सुट्या भागांची पकड सुधारण्याची कल्पना मांडली, तर व्यवस्थापकाचा पहिला प्रश्न असतो : याला किती खर्च येईल आणि तो किती महिन्यांत वसूल होईल? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येणे, हे अभियांत्रिकीचेच अंग आहे. आणि या सगळ्याच्या मुळाशी असते उत्तरदायित्व. आपल्या कामावर दुसरे कोणी विसंबून आहे, ही जाणीव.

प्रमाणपत्रांचा बाजार

जेथे सक्ती येते, तेथे पळवाटाही निघतात. इंटर्नशिपची गरज ओळखून शुल्क घेऊन प्रमाणपत्र देणारे व्यवसाय सर्वत्र दिसू लागले आहेत. त्यांची लक्षणे ओळखणे अवघड नाही. काम देण्यासाठी विद्यार्थ्याकडूनच पैसे मागितले जातात. मार्गदर्शकाचे नाव व हुद्दा सांगितला जात नाही. ध्वनिचित्रफिती पाहणे यालाच काम म्हटले जाते. दहा विद्यार्थ्यांचे दहा अहवाल शब्दशः सारखे असतात. अशा प्रमाणपत्राने सत्रापुरते श्रेयांक मिळतीलही. पण नोकरीच्या मुलाखतीत 'तुम्ही नेमके काय केले?' या एका प्रश्नापुढे ते टिकत नाही. पैसे जातात आणि त्याहून मोलाचे दोन महिने जातात.

याची झळ सर्वांत अधिक कोणाला बसते, याचाही विचार व्हायला हवा. मोठ्या शहरातील, ओळखीपाळखी असलेल्या घरातील विद्यार्थ्याला चांगल्या कंपनीत जागा मिळते. लहान गावातील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला पुणे, चेन्नई किंवा बेंगळुरू येथे विद्यावेतनाशिवाय दोन महिने राहणे परवडत नाही. मुलींच्या बाबतीत सुरक्षित निवास आणि रात्रपाळीनंतरची वाहतूक हे प्रश्न असतात. म्हणून विद्यावेतन हा उपकार समजला जाऊ नये. गुणी पण गरीब विद्यार्थ्यासाठी ते या शिक्षणाचे प्रवेशद्वार आहे.

पदवीनंतर अनुभव घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र शासनाच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण योजनेचा भक्कम पर्याय उपलब्ध आहे. मुंबई, चेन्नई, कानपूर आणि कोलकाता येथील प्रादेशिक मंडळांमार्फत ती राबवली जाते. प्रशिक्षणाचा काळ सामान्यतः एक वर्षाचा असतो. किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र शासन उचलते आणि प्रशिक्षणाअखेर शासनमान्य प्रमाणपत्र मिळते.

कर्जाचा हप्ता आणि पहिली नोकरी

अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी आज अनेक कुटुंबे शैक्षणिक कर्ज घेतात. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष परतफेडीस सवलत असते. त्यानंतर हप्ते सुरू होतात. समजा, ५ लाख रुपये १० टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे आहेत. तर मासिक हप्ता सुमारे ६,६०० रुपये येतो. सवलतीच्या काळातील व्याज मुदलात मिळाले, तर तो आणखी वाढतो. पदवीनंतरचे ते एक वर्ष म्हणूनच फार मोलाचे असते. ज्याने शिक्षण चालू असतानाच कामाची ओळख करून घेतली आहे, त्याला त्या वर्षात स्थिरावणे सोपे जाते. अनेक कंपन्या आपल्याकडे इंटर्नशिप केलेल्या विद्यार्थ्याला पदवीपूर्वीच नोकरीचा प्रस्ताव देतात. कारण अर्ध्या तासाच्या मुलाखतीपेक्षा दोन महिन्यांचे काम माणसाची अधिक खरी ओळख करून देते.

तेव्हा प्रवेश घेताना पालकांनी शुल्क, वसतिगृह आणि नोकऱ्यांची आकडेवारी यांबरोबर आणखी काही प्रश्न अवश्य विचारावेत. इंटर्नशिप किती आठवड्यांची असते? कोणत्या उद्योगांशी महाविद्यालयाचे करार आहेत? प्राध्यापक तेथे भेट देतात का? मूल्यमापन कसे होते? या उत्तरांवरून महाविद्यालयाची पारख बरीच नेमकी होते.

बँकेच्या ग्राहकांत लघुउद्योजकांचीही संख्या मोठी असते. भोसरी, राजकोट, कोइमतूर, लुधियाना किंवा बेंगळुरूचे पीण्या, कोणत्याही औद्योगिक वसाहतीत पाहिले, तर कुशल तरुण मिळत नाहीत ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. शिकाऊ उमेदवारांच्या २०१९ मधील सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घेणे बंधनकारक झाले आणि चार ते एकोणतीस कर्मचारी असलेल्यांना तो ऐच्छिक पर्याय मिळाला. नवख्या मुलांमुळे यंत्राचा वेळ जातो, देखरेख वाढते, अपघाताची भीती असते, या उद्योजकांच्या अडचणी खऱ्या आहेत. तथापि, लहान कारखान्यात विद्यार्थ्याला खरेदीपासून पाठवणीपर्यंतचा सगळा व्यवहार एका छताखाली पाहायला मिळतो. मोठ्या कंपनीत हे क्वचितच घडते. दोन विद्यार्थी घेऊन त्यांना एक निश्चित प्रश्न आणि एक निश्चित मार्गदर्शक दिला, तर उद्याचा कर्मचारी आजच पारखता येतो.

विद्यार्थ्यांसाठी चार गोष्टी

पहिली गोष्ट, रोजची दैनंदिनी लिहावी. काय पाहिले, काय कळले नाही, कोणाला विचारले, याची प्रामाणिक नोंद ठेवावी. दुसरी, पहिल्या आठवड्यात सुरक्षेचे नियम पक्के करावेत. न विचारता कोणत्याही यंत्राला हात लावू नये. तिसरी, अधिकाऱ्यांइतकेच कारागिरांकडूनही शिकावे. यंत्राचा आवाज बदलला, हे त्यांच्या कानांना आधी कळते. चौथी, लहान का होईना, एक काम पूर्ण करून द्यावे. अपुऱ्या राहिलेल्या भव्य प्रकल्पापेक्षा साठवणखोलीतील सुट्या भागांची नीट लावलेली यादी कारखान्याच्या अधिक उपयोगी पडते.

आरंभीचे दिवस निराशेचेही असू शकतात. कोणी लक्ष देत नाही, नुसते फायली चाळायला सांगतात, चार वर्षांचे ज्ञान निरुपयोगी वाटू लागते. पण टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. पदवीने ज्ञानाची साक्ष मिळते. त्या ज्ञानावर इतरांनी निर्धास्तपणे विसंबावे, ही पात्रता मात्र कामातूनच अंगी येते. महाविद्यालयाने लक्ष घातले, उद्योगाने जागा दिली आणि विद्यार्थ्याने मनापासून हात काळे केले, तर इंटर्नशिपचे ते मोजके आठवडे त्याला पुढील तीस-पस्तीस वर्षांच्या व्यवसायात पुरून उरतील.